पूर ओसरल्यावर घर, विहीर आणि रान सावरताना: कोणतं काम आधी, कोणतं थांबून

सप्टेंबर 2025च्या दुसऱ्या पंधरवड्यात मराठवाडा आणि सोलापूर पट्ट्यात जो पूर आला, तो कोल्हापूर-सांगलीच्या 2019 किंवा 2021च्या पुरासारखा नव्हता. तिकडे कृष्णा-पंचगंगेचं पाणी चढतं, दिवसचे दिवस थांबतं आणि गाळ सोडून उतरतं. इकडे सीना, मांजरा, बिंदुसरा आणि त्यांना मिळणारे ओढे जोरात आले. परांडा, भूम, माढा, मोहोळ भागात काही रानांत गाळ बसला, काही रानांतली माती मुरमापर्यंत खरडून गेली, आणि दोन्ही प्रकार एकाच गट नंबरात सापडले. पुढची माहिती अशा गावांसाठी आहे, पण बरीचशी कुठल्याही पुरानंतर चालेल.

पाणी उतरलं की सगळी कामं एकदम अंगावर येतात आणि माणूस दिसेल त्या कामाला हात घालतो. ओली मोटर चालू करून जळते, विहीर एका दमात उपसून तिचं बांधकाम ढासळतं, चिखलात ट्रॅक्टर घालून रान दोन हंगामांसाठी आवळतं, घर धुऊन पुसून पंचनाम्याला दाखवायला काही उरत नाही. ही नुकसानी पुराने केलेली नसते, क्रम चुकल्याने होते.

घरात पाय ठेवण्याआधी

आधी बाहेरून घराला फेरी मारा. मीटरपर्यंत पाणी चढलं असेल तर मेन स्विचला हात लावू नका. ओल्या जमिनीवर उभं राहून मेन स्विच बंद करणं हे त्याहून धोक्याचं. वायरमनला सांगून खांबावरून जोडणी सोडवून घ्या. घरातले बोर्ड उघडून, पुसून, उन्हात पूर्ण वाळल्याशिवाय वीज जोडून घेऊ नये. दोन-तीन दिवस अंधारात काढावे लागले तरी चालतील.

मराठवाड्यातली माळवदाची (मातीच्या सपाट छताची) घरं पाण्यात असताना उभी राहतात आणि पाणी उतरल्यावर पडतात. पांढऱ्या मातीची भिंत पाणी पिऊन फुगलेली असते, वर माळवदाची माती भिजून जड झालेली असते, आणि पाया मऊ पडलेला असतो. पाणी असताना भिंतीला दोन्ही बाजूंनी आधार असतो, तो गेला की भिंत सरकते. म्हणून पहिले तीन-चार दिवस अशा घरात झोपू नका. काय बघायचं ते असं: तुळई भिंतीवर जिथे टेकते तिथे ताजी भेग आहे का, भिंतीचा खालचा हातभर भाग बाहेर फुगला आहे का, काल नीट लागणारं दार आज चौकटीत अडकतं का. यातलं एक जरी दिसलं तरी तुळईखाली लाकडी टेकू देऊनच आत जा आणि फक्त कागदपत्रं, दागिने काढून बाहेर या. टेकू मातीवर उभा करू नका, खाली फळी किंवा फरशी टाका, नाहीतर तो चिखलात रुतून बसतो.

आत साप असणार हे धरूनच चला. सरपणाचा ढीग, पोत्यांची थप्पी, उलट्या ठेवलेल्या घागरी हातांनी उचलायच्या नाहीत, काठीने हलवायच्या. चावलाच तर वरून दोरी आवळणं, चिरा देणं, मांत्रिक हे सगळं टाळून माणसाला चालू न देता थेट ग्रामीण रुग्णालय गाठा. गॅसचा रेग्युलेटर आणि नळी पाण्यात राहिली असेल तर बदलल्याशिवाय शेगडी पेटवू नका.

धान्याबाबत घरातली मंडळी हळवी असतात, पण इथे कडक राहावं लागतं. खेड्यातल्या घरात एकाच खोलीत ज्वारीची पोती, युरिया आणि कीटकनाशकाच्या बाटल्या असतात. पुराच्या पाण्यात हे सगळं एक होतं. भिजलेलं धान्य वाळवून खाऊ नये आणि जनावरांनाही घालू नये. बंद झाकणाच्या स्टीलच्या डब्यातलं, पाणी न शिरलेलं तेवढंच वापरा, तेही डबा बाहेरून धुऊन.

झाडू मारण्याआधी फोटो

फोटोला अर्धा तास लागतो आणि तो अर्धा तास सगळ्यात जास्त परतावा देतो. भिंतीवर पाण्याची खूण जिथपर्यंत आली ती दिसेल असा फोटो, शेजारी माणूस किंवा मोजपट्टी उभी करून. पडलेला भाग बाहेरून आणि आतून. मेलेलं जनावर असेल तर कानातला बिल्ला आणि त्यावरचा क्रमांक वाचता येईल असा. रानात गटाची ओळख पटेल अशी एखादी कायमची खूण चौकटीत घ्या, म्हणजे विहीर, आंब्याचं झाड, विजेचा खांब. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा. गाळ असेल तर त्यात खड्डा करून मोजपट्टी उभी धरून फोटो काढा, कारण गाळाच्या मदतीत तीन इंचांची अट असते. त्यापेक्षा कमी थर असेल तर तो प्रकार मोजलाच जात नाही.

पंचनाम्याला महसूल, कृषी आणि ग्रामपंचायत या तिघांची माणसं येतात. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी, ग्रामसेवकाला ग्रामपंचायत अधिकारी आणि कृषी सहायकाला सहायक कृषी अधिकारी म्हणतात, अर्जावर ही नावं दिसली तर गोंधळू नका. पिकाचं नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत लागू होते. सरकारी मदतीच्या 2025च्या निकषांतले दर हेक्टरी 8,500 रुपये कोरडवाहूला, 17,000 बागायतीला आणि 22,500 बहुवार्षिक पिकाला. गाळ काढायला हेक्टरी 18,000, तर खरडून गेलेल्या जमिनीला 47,000. दुभतं जनावर 37,500, ओढकाम करणारं 32,000. राज्य सरकारने 7 ऑक्टोबर 2025ला 31,628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात खरडलेल्या जमिनीसाठी रोजगार हमीतून हेक्टरी 3 लाखांपर्यंतची कामं आणि गाळ भरलेल्या विहिरीला 30,000 रुपये धरले होते. दर वर्षाच्या निर्णयात फरक पडतो, म्हणून आपल्या वर्षाचा शासन निर्णय तहसीलमधून वाचून घ्या.

इथे भांडण होतं ते एका शब्दाच्या नोंदीवरून. तुमच्या रानातली माती गेली असेल आणि पंचनाम्यात फक्त ‘सोयाबीनचे नुकसान’ लिहिलं गेलं, तर मदत पिकाचीच मिळते, जमिनीची नाही. पीक, गाळ, खरडण, विहीर, जनावर आणि घर यांची वेगवेगळी नोंद झाली का हे सही करण्याआधी वाचा. सामाईक खातं असेल तर बाकीच्या खातेदारांचं संमतीपत्र लागतं, आणि सातबारावर वारस नोंद राहिली असेल तर पैसे तिथेच अडकतात. आधारला जोडलेलं बँक खातं चालू आहे ना, हेही आत्ताच बघा.

पीकविम्याची गोष्ट निराळी आहे. पूर्वी 72 तासांत तक्रार नोंदवायची सवय लागली होती, पण खरीप 2025ला राज्यात भरपाई पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे नमुन्याच्या तुकड्यातलं पीक कापून मोजलेल्या उत्पादनावर ठेवली गेली. आपल्या हंगामाला कोणता नियम आहे हे कृषी कार्यालयात विचारा, तोवर तक्रार नोंदवून ठेवायला हरकत नाही.

मेलेल्या जनावराचं शवविच्छेदन पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून करून घेतल्याशिवाय पुरू नका. पुरताना विहीर आणि ओढ्यापासून किमान 100 फूट लांब, उंचावर, चुना टाकून, वर तीन-चार फूट माती येईल इतका खोल खड्डा घ्या. वाहत्या ओढ्यात सोडलेलं जनावर खालच्या गावाच्या पाण्यात जातं.

पिण्याची विहीर

तुरटीने पाणी निवळतं, निर्जंतुक होत नाही. विहीर साफ होईपर्यंत पिण्याचं पाणी टँकरचं घ्या, किंवा गाळून खळखळून उकळा.

बुडालेली विहीर लगेच तळापर्यंत उपसायची घाई करू नका. पुरानंतर भोवतालची जमीन पाण्याने तुडुंब असते. विहिरीतलं पाणी आतून बांधकामाला दाबून धरतं. ते एकदम काढलं की बाहेरचा दाब विहिरीचं बांधलेलं कडं आत ढकलतो. पहिल्या दिवशी चार-पाच फूटच पातळी उतरवा, रात्रभर थांबा, बांधकामात नवी भेग किंवा दगड सुटलेले दिसतात का बघा आणि मग पुढे जा. डिझेल किंवा पेट्रोलचं इंजिन विहिरीत उतरवायचं नाही. त्याचा धूर तळाशी साचतो आणि उतरलेला माणूस वर येत नाही. गाळ काढायला उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसं असावीत. आतला एक पडला म्हणून मागोमाग दुसऱ्याने उडी घेणं हीच या कामातली नेहमीची दुर्घटना आहे.

गाळ निघून पाणी पुन्हा भरल्यावर औषध टाकायचं. आधी पाणी मोजा. गोल विहिरीचा व्यास फुटांत घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी 22ने गुणा. आलेला आकडा म्हणजे लिटर. 20 फूट व्यास आणि 15 फूट पाणी असेल तर 20 × 20 × 15 × 22, म्हणजे 1,32,000 लिटर.

1. पहिला जोरदार डोस 1,000 लिटरला 60 ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर (33 टक्के क्लोरीनची). वरच्या विहिरीला साधारण 8 किलो. पिशवी 25 टक्क्यांची असेल तर 10 ते साडेदहा किलो. उघडी पडलेली, ओल धरून गोळे झालेली पावडर वापरू नका, तिच्यात क्लोरीन उरलेलं नसतं आणि मोठ्या डोसवर विश्वास ठेवून लोक फसतात.
2. पावडर थेट विहिरीत ओतायची नाही. प्लास्टिकच्या ड्रममध्ये 200 लिटर पाण्यात एका वेळी 2 किलो घालून काठीने ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या आणि वरचं निवळ पाणीच विहिरीत सोडा. तळाचा चुना बाहेर टाका. नाक-तोंडाला फडकं आणि हातांत मोजे हवेत.
3. बादली खोल सोडून वर-खाली ओढत राहा, म्हणजे औषध तळापर्यंत जातं. कडेच्या भिंतींवरही तेच पाणी मारा.
4. 24 तास कोणी पाणी भरणार नाही याची दवंडी द्या. दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत उपसा. हे पाणी ओढ्यात किंवा पिकावर न सोडता पडीक जागेत सोडा.
5. नंतर रोज 1,000 लिटरला 5 ग्रॅम, म्हणजे याच विहिरीला सुमारे 660 ग्रॅम. अर्ध्या तासाने ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडच्या ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते दाखवणारी) पिवळी छटा आली पाहिजे. छटा येतच नसेल तर पाणी अजून घाण आहे, डोस वाढवा.

फक्त शेतीसाठीच्या विहिरीला हा खटाटोप नको, गाळ काढला की पुरे.

घराची फरशी आणि गोठा धुताना चिखल आधी पूर्ण काढा, कारण चिखलातच क्लोरीन संपून जातं. फरशीला एक लिटर पाण्यात 30 ग्रॅम पावडर, भांड्यांना दहा लिटरला 15 ग्रॅम. संडास साफ करायचं अ‍ॅसिड आणि ब्लिचिंग पावडर कधीच एकत्र करू नका, त्यातून निघणारा वायू बंद खोलीत जीवघेणा ठरतो.

जनावरं

दोन दिवस पाण्यात उभी राहिलेली जनावरं आठवड्याने लंगडू लागतात. खुरांच्या बेचक्यात चिखल अडकून तिथे कूज होते. रोज खुरं धुऊन एक लिटर पाण्यात एक ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट मिसळलेल्या पाण्याने शेका आणि कोरड्या मुरमाड जागेत बांधा. घटसर्प आणि फऱ्याची लस राहिली असेल तर पशुवैद्यकाला बोलवा, पण ताप असलेल्या जनावराला ती आधी टोचायची नाही, आणि प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे लागतात हे लक्षात ठेवा.

भिजलेल्या कडब्याची गंज उघडून आत हात घाला. आत ऊब लागली, काळी-हिरवी बुरशी दिसली किंवा आंबूस वास आला की तो भाग खतात. वरवर भिजलेल्या पेंढ्या उभ्या करून उन्हात वाळवता येतात. चार दिवस उपाशी जनावर ओल्या कोवळ्या गवतावर एकदम सोडलं तर पोट फुगतं. आधी थोडा कोरडा चारा द्या.

मोटर

बुडालेली मोटर चालते का बघायला बटण दाबणं हा मोटर जाळायचा खात्रीचा मार्ग. विहिरीबाहेरची मोनोब्लॉक असेल तर उघडून स्वच्छ पाण्याने चिखल धुवा, सावलीत हवेशीर वाळवा, वायंडिंगची इन्सुलेशन चाचणी मेगर मीटरवर एक मेगाओमच्या वर आली तरच जोडा. बेअरिंगमधलं जुनं ग्रीस काढावंच लागतं, त्यात वाळू असते. स्टार्टरच्या पेटीतले कॉन्टॅक्टर बहुधा बदलावेच लागतात. ठिबकच्या नळ्यांची शेवटची टोकं उघडून पाणी सोडा, मग गाळणी जोडा.

रान

पहिलं काम पाणी काढण्याचं. उताराच्या बाजूने एक-दीड फूट खोल चर काढा. खालच्याच्या रानात पाणी सोडताना त्याला विचारून, ओढ्यापर्यंत एकत्र चर नेला तर दोघांचं काम होतं. काळ्या रानात साचलेल्या पाण्याने मुळांना हवा मिळत नाही आणि दोन दिवसांत पिकाचा रंग उतरतो.

कपाशी अचानक मान टाकते, पानं हिरवी असतानाच लोंबतात. याला आकस्मिक मर म्हणतात. पाणी काढल्यावर 24 ते 48 तासांच्या आत 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया, 100 ग्रॅम पांढरं पोटॅश आणि 25 ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराइड मिसळून प्रत्येक झाडाच्या बुडाला 100 मिली ओता आणि बुडाजवळची माती पायाने दाबा. झाड पूर्ण वाळल्यावर हा खर्च वाया जातो. तुरीत खोडावर जमिनीलगत काळपट चट्टे आले असतील तर ती झाडं फारशी वाचत नाहीत, उरलेल्यांसाठी चर खोल करा.

उभं सोयाबीन शेंगेतच उगवलं नसेल तर वाफसा येताच (जमिनीतली जादा ओल जाऊन रान कामाजोगं होताच) काढा, पण ढीग लावू नका, पातळ पसरा. या मालाचं घरचं बियाणं करायचं ठरवलं तर उगवण तपासल्याशिवाय नको. सरसकट 100 दाणे घ्या, निवडलेले नाहीत. ओल्या गोणपाटावर दहाच्या दहा रांगा लावा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी 70 मोड चांगले आले तर नेहमीचं एकरी 30 किलो चालेल. 60 आले तर बियाणं त्या प्रमाणात वाढवावं लागेल. त्याच्या खाली असेल तर बाजारात विका.

आता जमिनीबद्दल. नांगर केव्हा घालायचा? आठ-दहा इंच खालची माती मुठीत घट्ट दाबा आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडा. गोळा पडूनही तसाच राहिला किंवा चपटा झाला तर अजून थांबा. फुटून सुट्टा झाला तर वाफसा आहे. वरची दोन बोटं माती वाळून पांढुरकी दिसते आणि त्यावर लोक फसतात, खाली चिखलच असतो. तशात ट्रॅक्टर गेला की चाकाखाली घट्ट थर बसतो, पुढच्या पावसाचं पाणी मुरत नाही आणि तेच रान पुन्हा चिबडतं.

तीन इंचांपर्यंतचा बारीक गाळ बहुधा नफ्याचाच असतो. वाफशावर खोल नांगरट करून तो खालच्या मातीत मिसळा. नुसता वर ठेवला तर वाळून पापुद्रा धरतो आणि हरभऱ्याचा कोंब वर येऊ देत नाही. वाळू किंवा गोटे असतील तर ते मिसळू नका, काढावेच लागतात.

खरडलेल्या रानाचा हिशोब आधी कागदावर करा. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर. त्यावर सहा इंच माती भरायची तर साधारण 218 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतात, तीन इंचांनाही 109. एवढी माती आणि ट्रॉल्या एका वर्षात कोणाला झेपत नाहीत, म्हणून सगळ्या रानावर पातळ थर पसरण्याचा मोह टाळा. दोन इंच माती मुरमावर पसरली तर ती पहिल्या जोरदार पावसात पुन्हा जाते. त्याऐवजी वरच्या बाजूचा एक पट्टा घ्या, तिथे आडवे बांध घाला आणि पुरेशी जाडी भरा. पुढच्या वर्षी पुढचा पट्टा. मातीसाठी तलावाचा गाळ उत्तम. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत तो उन्हाळ्यात मिळू शकतो, त्यामुळे मागणी ग्रामपंचायतीतून हिवाळ्यातच नोंदवा. शेजारच्या चांगल्या रानातली माती ओढून हे भरणं म्हणजे दोन्ही रानं घालवणं. भरलेल्या पट्ट्यात पहिलं पीक जूनमध्ये तागाचं घ्या, एकरी 20 ते 25 किलो बी, आणि फुलावर येताच, 45 ते 50 दिवसांत गाडा. माती परीक्षणाचा नमुना त्यानंतर द्या. पुराच्या चिखलातून घेतलेल्या नमुन्याच्या अहवालावर खत ठरवू नये.

माती शाबूत असलेल्या रानात रब्बीला ज्वारीची वेळ ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, करडईची महिनाअखेरीपर्यंत आणि हरभऱ्याची नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत चालते. वाफसा उशिरा आला तर ज्वारीचा हट्ट सोडून हरभऱ्याकडे वळलेलं बरं. पूर आलेल्या वर्षी मर रोगाचा जोर असतो, म्हणून किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा आणि सपाट वाफ्याऐवजी रुंद वरंबा-सरीवर पेरा.

फुटलेला बांध जिथे फुटला तिथेच पुन्हा फुटतो, कारण ती जागा सगळ्यात सखल असते. नुसता जास्त उंच करून उपयोग नाही. अर्धा फुटाचे थर टाकत, प्रत्येक थर पाणी मारून दाबत भरा, आणि सखल जागेपासून बाजूला, घट्ट जमिनीवर जादा पाणी निघून जायला दगडी सांडवा ठेवा, बांधाच्या माथ्यापेक्षा फूटभर खाली.

आणि माती भरायला ट्रॉली बोलवण्याआधी गटाच्या हद्दीचे दगड जागेवर आहेत का ते बघा. पुरात हद्दीच्या खुणा जातात, शेजाऱ्याचा बांध चार फूट सरकलेला असतो, आणि भरलेली माती नंतर कोणाच्या गटात निघते यावर पुढचं दशक कोर्टात जातं. शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज आधी द्या, शेजाऱ्याला नोटीस जाऊ द्या, आणि मोजणीदार खुणा करून गेल्यावरच पहिली ट्रॉली रिकामी करा.